शाळा सुटल्यानंतरचे दोन तास
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आज येथे दहावी-बारावीत यश मिळवलेल्या मुलामुलींचा सत्कार झाला. त्यांचे आणि त्यांच्या आई-वडिलांचे मनापासून अभिनंदन. परंतु केवळ अभिनंदन करून खाली बसलो, तर माझे कर्तव्य पुरे झाले असे मला वाटणार नाही.

तुमच्या घरी संस्थेच्या जुन्या स्मरणिका असतील. घरी गेल्यावर त्या काढा. प्रत्येकीत गुणवंत विद्यार्थ्यांची यादी छापलेली आहे. पाच वर्षांपूर्वीची यादी घ्या, हातात पेन्सिल घ्या, आणि ज्या मुलाने किंवा मुलीने पदवी, पदविका किंवा एखादा व्यवसाय-अभ्यासक्रम पुरा केला, तिच्या नावापुढे खूण करा. आपल्या गावातली मुले आहेत, कोण कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. किती नावांपुढे खूण होते आणि किती नावे कोरी राहतात, ते मोजा. आपल्या समाजाच्या शिक्षणाचा खरा निकाल त्या कोऱ्या नावांत आहे. दहावीचा निकाल हा त्याचा एक भाग मात्र आहे.

२००६ साली न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने आपला अहवाल दिला. देशातील नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या वर्गातल्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक, आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासांमागे एक मुसलमान विद्यार्थी आहे, असे त्या समितीला आढळले. पुढे पुढे आपली मुले गळत जातात, ती का, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

शहापूर आणि मुरबाडपुरते बोलायचे तर ही गळती तीन ठिकाणी होते. पहिले ठिकाण सातवी-आठवीचे. पुष्कळ गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच असते. पुढची शाळा दुसऱ्या गावी, आणि उर्दूतून शिकलेल्या मुलाला तेथे एकदम मराठी माध्यमाला तोंड द्यावे लागते. दुसरे ठिकाण दहावी-अकरावीचे. दहावीपर्यंत मातृभाषेतून शिकलेले मूल अकरावीला विज्ञान शाखा घेते आणि सारी पुस्तके इंग्रजीत पाहून गांगरते. शिवाय प्रवास आहे. शहापूरच्या मुलाला वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्टेशने तरी आहेत. मुरबाडला अजून रेल्वे आलेली नाही, तेथल्या मुलाला एसटीच्या वेळेवरच दिवस बांधावा लागतो. तिसरे ठिकाण बारावीनंतरचे. गुण असतात, पण कोणता फॉर्म केव्हा भरायचा आणि त्याला कोणता दाखला लागतो, हे घरात कोणालाच माहीत नसते. तारीख निघून जाते आणि मुलगा भिवंडी-पडघ्याच्या गोदामात नोकरीला लागतो. कष्टाची नोकरी करण्यात कमीपणा नाही. परंतु ती त्याने निवडलेली असावी, नाइलाजाने पत्करलेली नसावी.

या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडेल असा एकच उपाय मला दिसतो, आणि तो आपल्या आवाक्यातला आहे. शाळा सुटल्यानंतरचे दोन तास मुलांसाठी राखून ठेवा. गावात सायंकाळची अभ्यासिका चालवा.

अभ्यासिका म्हटले की काहींना शिकवणी वर्ग आठवतो. शिकवणीत शिक्षक बोलतो आणि मुले उतरवून घेतात. अभ्यासिकेत मूल स्वतः गणित सोडवते, अडले तर विचारते. तिला मोठी इमारत नको. शाळेची एक खोली किंवा जमातखान्याचा एक कोपरा, दिवे, एक फळा, एक हजेरीपुस्तक एवढे पुरे. रोज एक जबाबदार माणूस तेथे बसला पाहिजे, आणि मूल दोन दिवस आले नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी कोणीतरी गेले पाहिजे. माझ्या मते हजेरीपुस्तक आणि घरभेट हे अभ्यासिकेचे दोन पाय आहेत.

शिकणाऱ्याच्या सवडीप्रमाणे शाळा भरवायची, ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेव्हा तो भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी जेथे गुरे चरतात त्या कुरणातच शाळा नेली. तिला कुरणशाळा म्हणत. दुसरे उदाहरण तर मुरबाड तालुक्यातलेच आहे. फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी ओलांडलेल्या, नव्वदीला टेकलेल्या आज्या गुलाबी साड्या नेसून पाटी घेऊन बसल्या. त्यांची शाळा घरकाम आटोपल्यावर, दुपारच्या वेळी भरे. ज्या तालुक्यात आजी सही करायला शिकली, त्या तालुक्यात नात दहावीवर थांबावी हे शोभणारे नाही.

आता या दोन तासांत करायचे काय, ते इयत्तावार सांगतो.

सातवी आणि आठवीच्या मुलांसाठी दोन कामे आहेत. एक, भाषा. उर्दूतून आलेल्या मुलाने रोज एक पान मराठी मोठ्याने वाचावे, आणि सर्वच मुलांनी गणित व विज्ञानातले इंग्रजी शब्द वहीत लिहून ठेवावेत. रोज पाच शब्द झाले तरी दहावीपर्यंत ती वही जाड होते, आणि अकरावीचे पुस्तक परके वाटत नाही. दुसरे काम राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेचे. ही परीक्षा आठवीत देता येते. शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत शिकणाऱ्या, सातवीत ५५ टक्के गुण मिळवलेल्या आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलाला तिला बसता येते. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन चाचण्या असतात, प्रत्येकी ९० प्रश्न. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मात्र पुढच्या वर्गांत गुणांची अट पाळावी लागते. चार वर्षांचे ४८,००० रुपये होतात. इयत्ता पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती २०२२ साली बंद झाली, हे लक्षात घेता या परीक्षेचे मोल अधिकच वाढले आहे.

नववीत गणिताचा पाया पक्का करावा. दहावीला गणितात अडणारे मूल बहुधा अपूर्णांक आणि बीजगणिताच्या पहिल्या धड्यांपाशी अडलेले असते. त्याला दहावीचे पुस्तक पुनःपुन्हा शिकवून उपयोग नाही, मागे जाऊन ती गाठ सोडवावी लागते. एवढी सवड शाळेच्या तासाला मिळत नाही, अभ्यासिकेत मिळते. दहावीच्या वर्षी जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. आणि एखाद्या विषयात मूल नापास झालेच, तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. ती तयारीही अभ्यासिकेने करून घ्यावी. नापास झालेल्या मुलाचा हात आपण सोडतो, ही आपली जुनी खोड आहे.

निकाल लागण्यापूर्वीच दाखल्यांची फाइल तयार ठेवा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, हे सारे वेळेत काढावे लागते. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे. फॉर्ममध्ये एकापासून दहापर्यंत महाविद्यालये पसंतीच्या क्रमाने भरता येतात. हा क्रम सायबर कॅफेतल्या मुलावर सोपवू नका. एसटीची वेळ, स्टेशनचे अंतर, शाखा आणि आपले गुण पाहून तो घरी कागदावर लिहा, अभ्यासिकेतल्या शिक्षकांना दाखवा आणि मगच भरा. सर्वांनी विज्ञानच घ्यावे असेही नाही. आयटीआय आहे, तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका आहे, वाणिज्य आहे, कला आहे. शहापुरात सोनूभाऊ बसवंत महाविद्यालय आहे, मुरबाडजवळ शिवळे येथे शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय आहे. पुढची वाट तालुक्यातच सुरू होते.

आता मुलींविषयी. पालक म्हणतात, मुलगी हुशार आहे, पण पाठवायची कशी? ही काळजी मी खोटी मानत नाही. परंतु काळजीवर उपाय करायचा असतो, काळजीपोटी मुलीचे शिक्षण थांबवायचे नसते. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा प्रवास मोफत आहे. एका गावच्या चार मुली एकाच गाडीने गेल्या तर निम्मी काळजी मिटते. अभ्यासिकेत मुलींची वेळ शाळा सुटल्याबरोबर ठेवा, म्हणजे त्या उजेडी घरी पोहोचतील. आणि त्यांच्यापाशी गावातलीच एखादी शिकलेली लेक किंवा सून बसू द्या. सावित्रीबाई फुले आजारपणामुळे माहेरी होत्या, तेव्हा १८५६ साली त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात आपल्या पाठीमागे कामाचा भार फातिमेवर पडत असेल, अशी काळजी व्यक्त केली आहे. असा भार उचलणारी एखादी फातिमा आपल्या प्रत्येक गावात आहे. तिला कोणी अजून बोलावलेले नाही, इतकेच. पुढे २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल घटक, इतर मागास व सामाजिक आणि शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने केला आहे. मुलगी बारावीला पोहोचलीच नाही, तर या सवलतीचा तिला काय उपयोग?

पैशाविषयी एकच गोष्ट स्पष्ट बोलतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. ज्यांची जमीन त्यात गेली त्यांना मोबदला मिळाला. त्यातून कोणी घर बांधले, कोणी गाडी घेतली, कोणी लग्नाचा मांडव मोठा घातला. जमीन एकदाच विकली जाते. त्या पैशाचा काही भाग मुलांच्या शिक्षणासाठी वेगळा काढून ठेवला, तर तीच जमीन पुढच्या पिढीलाही पीक देईल. ज्यांना असा पैसा मिळाला नाही, त्यांनी लग्नाच्या पंगतीतला एक पदार्थ कमी करावा आणि ती रक्कम गावच्या अभ्यासिकेच्या दिव्यासाठी व पुस्तकांसाठी द्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी दोन शब्द तुमच्याशी. जालना जिल्ह्यातील शेळगावचा अन्सार शेख जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकला. वडील रिक्षा चालवत, भावाने गॅरेजात काम करून हातभार लावला. २०१५ च्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत तो पहिल्याच प्रयत्नात, एकविसाव्या वर्षी, देशात ३६१ वा आला. यवतमाळच्या अदिबा अनम हिचे वडीलही रिक्षाचालक. आधीची अपयशे पचवून २०२४ च्या परीक्षेत तिने १४२ वा क्रमांक मिळवला. तुम्ही सर्वांनी कलेक्टरच व्हावे असे मी म्हणत नाही. कोणी परिचारिका व्हा, कोणी वायरमन, कोणी हिशेबनीस, कोणी शिक्षक. परंतु जिल्हा परिषदेची शाळा आणि वडिलांची रिक्षा यांच्या आड आपला आळस लपवू नका. मोबाइल दोन तास घरी ठेवा आणि वही घेऊन अभ्यासिकेत या. जे अकरावी-बारावीत आहेत त्यांनी आठवड्यातून एक दिवस सातवीच्या मुलांना शिकवा. दुसऱ्याला शिकवताना आपलेही पक्के होते.

तानसा, भातसा यांचे पाणी आपल्या तालुक्यातून मुंबईला जाते. पावसाळ्यात साठवले जाते म्हणूनच ते मे महिन्यापर्यंत पुरते. शिक्षणाचेही तसेच आहे. बारावीला लागणारी तयारी सातवीपासून थोडी थोडी साठवावी लागते.

पालकांनो, तुमच्या गावात जागा कोणती, रोज बसणारे माणूस कोण आणि हजेरी कोण ठेवील, या तीन प्रश्नांची उत्तरे आज येथून उठण्यापूर्वी एकमेकांना विचारा आणि कार्यवाहांकडे लिहून द्या. पाच वर्षांनी याच स्मरणिकेत आजच्या सत्कारमूर्तींची यादी पुन्हा छापावी आणि प्रत्येक नावापुढे तो किंवा ती आज काय शिकली, हे लिहावे, अशी संस्थेला माझी नम्र विनंती आहे. त्या यादीत एकही नाव कोरे राहू नये, एवढीच दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.