तडजोड कागदावर हवी
माझ्या क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी व्याज-दंडासह ९० हजारांवर गेली होती. वसुलीवाला म्हणाला, ‘साहेब, आज रोख ४० हजार द्या, विषय मिटला!’ पत्नीने बजावलं, ‘आधी लेखी घ्या.’ बँकेचं तडजोडपत्र हाती आल्यावरच मी धनादेश थेट बँकेत भरला आणि थकबाकी नसल्याचा दाखला घेतला. तरी सिबिलच्या अहवालात ‘सेटल्ड’ हा शेरा लागलाच. पूर्ण फेडली असती तर ‘क्लोज्ड’ लागला असता. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना तोच शेरा आडवा आला. आणखी एक. सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर वसुलीचे फोन करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावलं आहे. कर्ज आपलं, तशी अब्रूही आपलीच.