बांधावरचा पंखेवाला सरडा

वैशाखात तुराट्या वेचताना बांधाच्या दगडावर सरडा दिसला, की पोरं धोंडा उचलतात. लहानपणी आम्हीही उचलला. यंदा मात्र दहा पावलांवर गुमान उभ्या राहिलो. त्यानं मान ताणली अन् गळ्याखालची घडी पंख्यासारखी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. हा नर, मादीला बोलावतो, दुसऱ्या नराला हटकतो. मादी मातकट, सहसा नजरेत येत नाही. भुई उकरून अंडी घालते. विषारी नाही, मुंग्या-किडे खातो.

अशाच सरड्यांच्या एका गटाला 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी आपल्या मराठीतलं ‘सरडा’ हेच नाव दिलं! काळवीट बघायला लोक कारंजा-सोहोळला जातात. हा तर आपल्याच बांधावर. धाकटी अजून धोंडा सोडत नाही, म्हणते, “आई, चावला तर?”