घड्याळातली पावलं

आज बचतीचा हिशेब नाही, पावलांचा हिशेब सांगणार आहोत.

गेल्या पावसाळ्यात, लावणी ऐन भरात असताना, आमच्या एका गटातल्या मावशी बैठकीला लंगडत आल्या. गुडघा सुजलेला. "पडलात का?" विचारलं तर म्हणाल्या, "नाही गं, चालले." मावशींना साखरेचा त्रास आहे. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या मुलाने त्यांना पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं होतं आणि "आई, रोज दहा हजार झाली पाहिजेत" असं बजावलं होतं. मावशी दिवसभर खाचरात वाकलेल्या. संध्याकाळी घड्याळ बघावं तर आकडा दोन हजारही नाही. मग जेवणं उरकली की राहिलेली पावलं पुरी करायला त्या अंधारात, पावसात रस्त्यावर. असं आठ दिवस चाललं. आपल्याकडे त्या दिवसांत रात्री पान लागायची भीती किती असते, ते तुम्हाला सांगायला नको. सून बॅटरी घेऊन मागे जायची म्हणून निभावलं.

पण आम्हाला जास्त लागलं ते मावशींचं पुढचं बोलणं. "मला वाटायचं मी लई राबते. घड्याळ म्हणतंय, काहीच करत नाही."

तेव्हा आम्ही ठरवलं, आधी घड्याळाचीच तपासणी करू.

शाळेच्या मैदानात जमलो. एकीने घड्याळ घालून चालायचं, दुसरीने पावलं मोठ्याने मोजायची, बरोबर शंभर. हात मोकळे सोडून चाललो, तर घड्याळात 98 आली. छान. मग डोक्यावर भरलेला हंडा घेतला आणि घड्याळाच्याच हाताने तो धरला. आली 61. मग लावणीत सरकतो तसं वाकून, हळूहळू मागे मागे गेलो. मोजली शंभर, घड्याळाने धरली 9. शेवटी एक काकू ओट्यावर बसून भजनाला टाळ्या वाजवायला लागल्या, तर बसल्या जागी आकडा वाढायला लागला! त्या दिवशी हसून हसून पुरेवाट झाली. तुमच्या घड्याळाला आकडे वेगळे येतील, पण चूक याच जातीची असेल.

याचं कारण असं. घड्याळाला आपले पाय दिसत नाहीत. त्याच्या पोटात ॲक्सेलरोमीटर नावाची बारीक चिप असते, तिला फक्त हिसका कळतो. आपण चालतो तेव्हा पाऊल टेकताना अंगाला धक्का बसतो, हात पुढेमागे झुलतो, आणि हे ठरावीक तालात होतं. तो ताल ओळखून यंत्र पावलं मोजतं. उगाच हललेला हात मोजला जाऊ नये म्हणून बरीच यंत्रं आधी ओळीने काही पावलं पडायची वाट बघतात. म्हणून चुलीपासून माठापर्यंतची चार पावलं, माठापासून उंबऱ्यापर्यंतची तीन, अशी दिवसभराची फुटकळ ये-जा बहुतेक वगळली जाते. कमरेवर कळशी धरलेला हात झुलत नाही. चिखलात पाऊल सावकाश पडतं, त्याला हिसका नाही. वारीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या बाईच्या मनगटावर हे घड्याळ बांधलं, तर आळंदी ते पंढरपूर एवढी वाट चालूनही तिची बरीच पावलं हिशेबात येणार नाहीत.

उलटही होतं. कपडे धुताना, भाकरी थापताना, खड्ड्यांच्या रस्त्याने जीपमधून पौडला जाताना नसलेली पावलं जमा होऊ शकतात.

मोबाईलचं आणखी वेगळं. मोबाईल अंगावर असेल तरच मोजणार. पुरुषांच्या पँटला खिसा असतो, तिथे तो बऱ्यापैकी मोजतो. आपल्या साडीला खिसा कुठे? मोबाईल फळीवर, नाहीतर खुंटीला पिशवीत. मग नवरा म्हणतो, बघ, माझी आठ हजार आणि तुझी बाराशे. त्याला सांगा, मोबाईल कमरेच्या चंचीत बांधून दिवसभर फिरते, मग बोलू. कमरेला यंत्र घट्ट बसलं की मोजणी बरीच सुधारते. आणि किती किलोमीटर झाले हा आकडा तर अंदाजच असतो. बऱ्याचदा उंचीवरून पावलाची लांबी धरलेली असते. साडी नेसून, ओझं घेऊन टाकलेलं पाऊल आखूड पडतं.

आता दहा हजारांचं. 1964 साली टोकियोला ऑलिंपिक झालं. त्यानंतर 1965 मध्ये जपानच्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल, तोंडात बसणारा, तो जगभर पसरला. डॉक्टरांनी तपासून काढलेला तो आकडा नव्हता. पुढे 2019 मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी सोळा हजारांहून जास्त वयस्कर बायकांचा अभ्यास छापला. बायकांचं सरासरी वय 72, यंत्र कमरेला. रोज सुमारे 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण 7,500 च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही.

म्हणजे घड्याळ टाकून द्या असं आम्ही म्हणत नाही. मोकळ्या हाताने सकाळी फिरायला जाणारीला ते चांगलं उपयोगी पडतं. आपला कालचा आकडा आणि आजचा आकडा ताडून बघा, यंत्र तेच आणि बांधायची जागा तीच ठेवून. शेजारणीशी पैज लावू नका. आमच्या एका गटाने पावलांची स्पर्धा ठेवली होती, ती भांडणावर संपली. आणि साखर, रक्तदाब, गुडघे असलं काही असेल, तर डॉक्टरांना नुसता आकडा दाखवू नका. दिवसभर काय काय केलं ते सांगा: किती तास लावणी, किती खेपा पाणी, किती वेळ सलग चालणं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल सांगते, आणि त्यात शेतातलं, घरातलं काम धरलेलं आहे. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागणारी.

मावशींनी असंच सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लावणी संपेपर्यंत वेगळं चालणं बंद करायला लावलं, गुडघ्याला आराम दिला, आणि पुढे उजेडात अर्धा तास फिरायचं ठरवून दिलं. घड्याळ आता नातू घालतो. त्याची दहा हजार शाळेतून घरी यायच्या आत होतात.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत ही शंभर पावलांची तपासणी करून बघा आणि आकडे आम्हाला कळवा. हंडा मात्र भरलेला घ्या. आम्ही आधी रिकामा घेतला होता, त्याने चालच बदलते.