वाटी एकच, वजन वेगळं
(बोरी अरब येथे प्रभागसंघाच्या बैठकीत केलेलं बोलणं)



आज बचत नाही, कर्जफेड नाही. आज वाटीबद्दल बोलायचं आहे.

गेल्या दिवाळीत आमच्या गटाने नानकटाईची ऑर्डर घेतली. प्रशिक्षणाच्या वहीत लिहिलं होतं, दोन भाग मैदा, एक भाग तूप, एक भाग पिठीसाखर. आम्ही घरची वाटी घेतली अन् दोन वाट्या मैद्याला एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर या हिशेबाने सगळं मळलं. ट्रे बाहेर काढला तर नानकटाई पापडासारखी पसरलेली, एकीला दुसरी चिकटलेली. चार किलो मैदा आणि त्यातलं सगळं तूप गेलं, तेही गटाच्या पैशाचं. आमच्यातली एक म्हणाली, "ताई, वाटी तं एकच हाय, मंग चुकलं कुठी?"

वहीतले भाग वजनाचे होते, आम्ही ते वाटीचे धरले. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर मुरमुरे सारख्या वजनाचे नसतात, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. भट्टीपुढे मात्र विसरलो.

आता आकडे ऐका. २४० मिलीच्या वाटीत मैदा साधारण १२५ ग्रॅम बसतो, पिठीसाखर १२०, दाणेदार साखर २००, आणि पातळ तूप २१५ च्या पुढे. म्हणजे दोन वाट्या मैद्याला तूप हवं १२५ ग्रॅम. अर्धी वाटी आणि वर एक मोठा चमचा, बस. आम्ही दर दोन वाट्यांमागे जवळजवळ ९० ग्रॅम जास्त ओतलं होतं! साखरेचंही तसंच. आधी वाटीभर साखर मोजून मग दळली, तर पिठीसाखर पावणेदोन वाट्यांच्या आसपास होते.

पण तुमची वाटी २४० मिलीचीच असेल असं नाही. घरी काटा नसेल तरी अडत नाही. सीलबंद पाकिटावर निव्वळ वजन छापणं कायद्याने बंधनकारक आहे, त्याचाच उपयोग करा. एक किलो साखरेचं पाकीट फोडा आणि सपाट वाट्या मोजा. पाच भरल्या तर तुमची वाटी २०० ग्रॅम साखरेची, सहा भरल्या तर १६५ च्या जवळपास. मैद्याच्या पाकिटाचंही असंच करा. तेलाच्या पिशवीवर तर दोन्ही आकडे असतात, १ लिटर आणि त्याच्याशेजारी ९१० ग्रॅम. एकदा वाचून पाहा.

मैदा मात्र चाळून, चमच्याने हलक्या हाताने भरा आणि सुरीच्या पाठीने सपाट करा. डब्यात वाटी खुपसून दाबून घेतला तर २५-३० ग्रॅम सहज जास्त येतो. ज्वारीच्या पिठाचं माप गिरणीच्या दळणावर बदलतं, म्हणून ते दर नव्या दळणाला पुन्हा मोजावं.

खायचा सोडा चमच्यानेच घ्या, सपाट. घरगुती काट्याला दोन-तीन ग्रॅम नीट कळत नाहीत.

आणि हे सगळं स्वयंपाकघरापुरतं. विकायचं पाकीट वाटीने भरायचं नाही. त्याला वैधमापन विभागाचा शिक्का असलेला काटाच लागतो. गटाने मिळून एक घेतला तरी चालतो.

पुढच्या बैठकीला येताना आपापली वाटी आणा. साखर आणि मैद्याची पाकिटं आम्ही आणतो. मोजून झालं की जिचा तिचा आकडा वाटीच्या बुडाला रंगाने लिहून टाकू.