एका ताटाभोवती: व्हिएतनामचे जेवण



परक्या देशाची ओळख आपण नकाशावरून करून घेतो, इतिहासाच्या पुस्तकातून करून घेतो. पण तिथली माणसे काय खातात, जेवायला बसल्यावर एकमेकांशी कशी वागतात, हे कळले म्हणजे तो देश शेजारच्या गावासारखा वाटू लागतो. आज तुम्हांला व्हिएतनामच्या जेवणाला घेऊन जायचे आहे.

पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्यांचे आमचे एक लहानसे मंडळ आहे. वर्षातून एकदा आम्ही सहकुटुंब एकत्र जेवतो आणि ज्या देशाची तिकिटे त्या वर्षी अभ्यासली, त्या देशाचे चार पदार्थ करून पाहतो. यंदा पाळी व्हिएतनामची होती.

हा देश तांदळाचा. उत्तरेला तांबड्या नदीचे मुख, दक्षिणेला मेकाँगचे; दोन्हीकडे भातशेतीच भातशेती. तिथल्या भाषेत 'जेवणे' याला शब्दच मुळी 'भात खाणे' असा आहे. त्या तांदळाच्या ते शेवया करतात. तळकोकणातल्या श्रोत्यांनी आपले शिरवाळे डोळ्यांपुढे आणावेत. शिवाय तांदळाचे पातळ वाटण फडक्यावर पसरून वाफवतात आणि त्या पापुद्र्या बांबूच्या तट्ट्यांवर उन्हात वाळवतात. आपल्या बायाबापड्या उन्हाळ्यात पापड-कुरडया घालतात, तशाच. खातेवेळी पापुद्रा पाण्याने ओला करायचा, त्यात शेवया, पुदिना, कोथिंबीर, कोळंबी घालून वळकटी करायची. कण्यांचीही गोष्ट ऐका. गिरणीत तुटलेल्या कण्या एके काळी गरिबाच्या घरी शिजत आणि अख्खा तांदूळ बाजारात जाई. आज त्याच कण्यांचा भात हो चि मिन्ह शहरात, म्हणजे पूर्वीच्या सायगावात, गरीब-श्रीमंत सगळे आवडीने खातात.

तोंडी लावायला 'नुओक माम' हवेच. साधारण तीन भाग बारीक मासळी आणि एक भाग मीठ लाकडी पिंपांत वर्षभर मुरवतात. त्याचे जे खारे पाणी निघते, ते हे. त्यात लिंबू, साखर, लसूण, मिरची घालतात. वास उग्र खरा, पण आपल्या सुक्या बोंबलाचा तरी कुठे सौम्य असतो!

आता खरी अडचण सांगतो. तिथे जेवण मोठ्या गोल ताटात मांडतात. भाताचा वाडगा ज्याचा त्याला. बाकी सारे मधोमध, आणि बुडवून खायची वाटी बहुधा सर्वांत मिळून एकच! आमच्यातले एक निवृत्त गुरुजी थबकले. म्हणाले, "एका वाटीत साऱ्यांचे घास? हे उष्टे नव्हे का? आणि मी तर मासळीला शिवत नाही."

गुरुजींचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर त्या देशाच्या चालीरीतींतच सापडले. तिथेही उष्ट्याचा विचार आहे. दुसऱ्याला वाढायचे तर जेवणाच्या काड्या उलट्या धराव्यात आणि न वापरलेल्या टोकाने वाढावे, अशी जुनी शिस्त आहे. चांगला तुकडा आधी वडीलधाऱ्यांच्या वाडग्यात घालायचा. धाकट्यांनी आजोबा, आजी, बाबा, आई अशी एकेकाला हाक मारून 'जेवा' म्हणायचे, मगच घास घ्यायचा. मासळीचे म्हणाल, तर पुष्कळ बौद्ध माणसे चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, शाकाहारच करतात. तेव्हा मासळीच्या पाण्याऐवजी सोयाबीनचे मुरवलेले खारट पाणी असते. आम्ही तशी एक निराळी वाटी ठेवली. गुरुजी ताटाभोवती बसले, आणि काड्या उलट्या धरून त्यांनीच पोराबाळांना वाढले.

ही शिस्त निव्वळ शोभेची नाही. ताट एकच असले, की एकाने जास्त घेतले म्हणजे दुसऱ्याला कमी पडते, हे डोळ्यांना दिसते. आणि कमी पडणे म्हणजे काय, हे त्या लोकांनी भोगले आहे. १९४४-४५ साली उत्तर व्हिएतनामात भीषण दुष्काळ पडला. जपानी आणि फ्रेंच सत्तेखाली शेतकऱ्याचा तांदूळ सक्तीने उचलला गेला, कुठे कुठे भाताऐवजी ताग लावायला लावला, त्यात पिके बुडाली आणि दक्षिणेचा तांदूळ उत्तरेस पोचेना. किती माणसे मेली याचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९४३ साली, आपल्या बंगालने हेच पाहिले होते. पुढे लढाया झाल्या, धान्य बाहेरून आणावे लागले. १९८८ साली शेतकरी कुटुंबांना जमीन लांब मुदतीने कसायला मिळाली आणि १९८९ साली त्या देशाने दहा लाख टनांहून अधिक तांदूळ परदेशी विकला. कसणाऱ्याला भरवसा मिळाला, की शेत कसे पिकते ते पाहा.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. भूगोलात आग्नेय आशिया शिकवाल, तेव्हा मुलांना घरून तांदळाचा एकेक पदार्थ आणायला सांगा. कुणी पोहे आणील, कुणी घावन, कुणी कण्या. सारे मधोमध मांडा आणि मुलांना वर्तुळात बसवा. कुणाचा डबा आणि कुणाच्या हातचा, हे न विचारता एकमेकांना वाढायला लावा. आपल्या पंगतींतून माणसे पुष्कळ काळ निरनिराळी बसवली गेली, म्हणून हे मुद्दाम सांगतो. व्हिएतनाम नकाशात कुठे आहे, ते मुले मग आपणहून विचारतील.