चौपट परत



लेंटचा काळ आला की आमच्या ख्रिस्ती घरांत पश्चात्तापाविषयी बोललं जातं. उपवास होतात, प्रार्थना होतात, डोळे भरून येतात. मला मात्र या दिवसांत जक्कय आठवतो.

यरीहोतला हा जकातदारांचा मुख्य. रोमी सत्तेसाठी कर गोळा करायचा आणि त्यात स्वतःचं उखळ पांढरं करून घ्यायचं, असा त्याचा धंदा. गाव त्याचं तोंड पाहायला तयार नव्हतं. अशा माणसाच्या घरी येशू आपण होऊन उतरला. आधी हिशेब चुकता कर, मग येतो, अशी अट त्याने घातली नाही. लूकच्या शुभवर्तमानात ही हकिकत एकोणिसाव्या अध्यायात आहे. तिच्यात जक्कयच्या अश्रूंचा उल्लेख नाही. तो उभा राहतो आणि थेट देण्याघेण्याचं बोलतो: निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत. आता हे चौपट पाहा. आपण होऊन गुन्हा कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा भरावा, एवढंच मोशेच्या नियमशास्त्रात होतं. चौपट भरपाई होती ती मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला. जक्कयने आपल्याला चोराचा दंड लावून घेतला, तोही कुणी न मागता.

पण प्रत्येकाला हे एका दिवसात जमत नाही. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी. १७४८ साली अटलांटिकच्या वादळात जहाज बुडायला आलं तेव्हा त्याने देवाची दया भाकली, आणि तो दिवस पुढे जन्मभर पाळला. तरीही वादळानंतर तो गुलामांच्या व्यापारातच राहिला. कप्तान झाला. वर डेकवर खलाशांसाठी उपासना चालवायचा आणि खाली तळघरात आफ्रिकेतली माणसं साखळदंडांत कोंबलेली असायची. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तो आजारपणामुळे. पुढे तो पाळक झाला, त्याने भक्तिगीतं लिहिली, ‘अमेझिंग ग्रेस’ हे त्याचंच. मग १७८८ साली, साठी उलटल्यावर, त्याने गुलामांच्या व्यापारावर पुस्तिका काढली. कधी पाच फुटांहून थोड्या जास्त, तर कधी त्याहूनही कमी उंचीच्या जागेत मधे फळ्या टाकून माणसं कशी रचत, हे त्याने स्वतःच्या नावानिशी लिहिलं. आपला कबुलीजबाब फार उशिरा येतो आहे, हेही लपवलं नाही. पार्लमेंटच्या समितीपुढे जाऊन त्याने साक्षही दिली.

त्या वादळातली हाक खोटी होती, असं मी म्हणणार नाही. पण तेव्हा त्याला स्वतःचा जीव दिसला होता. तळघरातली माणसं दिसायला चाळीस वर्षं लागली. तोवर त्यांतली कितीतरी समुद्रात गेली होती, उरलेली मळ्यांत विकली गेली होती. त्यांना चौपट काय, एकपटही देता येणार नव्हतं. हातात होतं ते फक्त खरं सांगणं, आणि तेही ज्यांच्यात त्याची प्रतिष्ठा होती त्यांच्यासमोर.

म्हणून मला वाटतं, देवापुढे गुडघे टेकणं ही सुरुवात आहे. त्याची क्षमा विकत घेता येत नाही, जक्कयनेही घेतली नव्हती. पण ती मिळाल्यावर पाय ज्याचं नुकसान केलं त्याच्या दाराकडे वळले पाहिजेत. बहिणीची हक्कसोडपत्रावर गोड बोलून सही घेतलेली असेल, तर चर्चमधल्या अश्रूंनी तिचा सातबारा बदलत नाही. तलाठ्याकडे जावं लागतं. भावांची नाराजी ओढवून घ्यावी लागते. बायकोमुलांना सांगावं लागतं की ही जमीन आपली नव्हती. आणि एवढं करूनही बहीण माफ करीलच असं नाही. तो तिचा अधिकार आहे. जमीन तरीही तिच्या नावावर करायची.