सागरी परिभाषा आणि घाटमाथ्यावरची मराठी



बेळगाव-निपाणीच्या श्रोत्यांपुढे जहाजांच्या परिभाषेविषयी बोलणे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु आंबोलीचा घाट उतरला की वेंगुर्ल्याची वाट लागते, आणि आपल्या पेठांतील माल एके काळी त्याच बंदरात गलबतांवर चढत असे. शिवाय आरमारासंबंधीचे मराठीतील एक मोलाचे लेखनही घाटमाथ्यावरच्या कारभाऱ्याच्या नावावर आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा आणि गलबते यांचे प्रमाण, पावसाळ्यातील छावणी, जहाजांसाठी लाकूडतोड करताना रयतेच्या आंब्याफणसांना लावू नये असा हात, हे सारे तेथे कारभाराच्या रोकड्या मराठीत येते.

या मराठीने शब्द घेताना सोवळे पाळले नाही. ‘आरमार’ पोर्तुगीजांकडून आले. ‘सुकाणू’चे मूळ अरबी ‘सुक्कान’. तोच शब्द कन्नडात ‘चुक्काणि’ झाला. जहाजाच्या ‘नांगरा’चे नाते फारसी ‘लंगर’शी, तर शेतकऱ्याच्या नांगराचे संस्कृत ‘लांगल’शी, उच्चार मात्र एक झाला. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या भाषांना समुद्राने एकाच शिदोरीतून वाढले आहे, हे आपण ध्यानी घ्यावे.

पुढे वाफेची जहाजे आली आणि ‘बाष्पित्र’, ‘गुरुत्वमध्य’, ‘प्लावक बल’ असे शब्द घडले. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. शास्त्राला नेमकेपणा हवाच. प्रश्न इतकाच, की हा नेमकेपणा तांडेल, खलाशी आणि उतारू यांच्यापर्यंत पोहोचतो काय?

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. खवळलेल्या समुद्रात बोट कलली, घाबरलेल्या उतारूंची एका अंगास धाव झाली आणि ती उलटली. वरच्या भागात माणसांचा भार वाढला, की गुरुत्वमध्य वर चढतो. तो भार एका अंगास सरकला, की कललेल्या बोटीला सावरणारे बळ अपुरे पडते. हे सूत्र सांगण्यास ‘भार’, ‘कल’ आणि ‘तोल’ हे घरगुती शब्द पुरेसे आहेत. सॅम्युएल प्लिमसॉल यांच्या खटपटीने १८७६ साली ब्रिटनमध्ये जहाजांवर जी रेषा सक्तीची झाली, तिला ‘भाररेषा’ म्हटले की निरक्षर हमालासही तिचा अर्थ उमगतो. परिभाषेची खरी परीक्षा संकटाच्या क्षणी होते.

म्हणून माझे निवेदन असे: प्रथम खलाशांचा शब्द शोधावा. तो नसेल तर रुळलेला परका शब्द, ‘इंजिन’सारखा, निःसंकोच घ्यावा. दोन्ही नसतील तेव्हाच नवा घडवावा. कोकणातले होडीवाले पाण्यातल्या फिरत्या पात्यांना ‘पंखा’ म्हणत असतील, तर ‘प्रचालक’ हा शब्द ग्रंथात राहो. परंतु कोशात ‘पंखा’ही असलाच पाहिजे.

शिडांची गलबते गेली. त्यांच्या दोरखंडांची, फळ्यांची, वाऱ्यांची नावे जाणणारी वृद्ध माणसेही विरळ होत आहेत. या ग्रंथालयाने दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना मालवण-वेंगुर्ल्यास माणसे धाडून ते शब्द टिपून घ्यावेत, आणि शेजारी कारवारकडचे कन्नड शब्दही नोंदवावेत. सीमाभागातील वाचनालयास हे काम जसे साधेल, तसे इतरांस क्वचितच साधेल.